‘हलू नका’ न म्हणणाऱ्या ताई

विभागात त्यांना तोंडावर ‘ताई’ आणि पाठीमागे ‘फटकळ ताई’ म्हणत, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षं त्या एमआरआयचं मशीन चालवत होत्या. रुग्णाला आत झोपवायचं, काचेपलीकडून माईकवर “हलू नका” म्हणायचं आणि स्कॅन काढायचा. कंपवाताच्या रुग्णांचे स्कॅन हटकून धूसर येत. मग त्यांच्याच नावाने बोटं मोडत पुढची तारीख दिली जाई.

एके दिवशी त्या मशीनमध्ये कंपवात जडलेले ताईंचे वडीलच झोपले. तीनदा बजावूनही स्कॅन बिघडला. बाहेर आल्यावर म्हातारा ओशाळून म्हणाला, “बाळ, तू हलू नका म्हणालीस ना, की जास्तच हलतं गं.”

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून त्यांनी ते शब्दच टाकले. रुग्णांना त्या मशीनचे ठोके मोजायला लावू लागल्या आणि स्कॅन बरेच स्वच्छ येऊ लागले. पण मशीन चालवणाऱ्या बाईच्या अनुभवाला विचारतो कोण? चाळीस रुग्णांवर, निम्म्यांना जुनी सूचना आणि निम्म्यांना नवी देऊन, रीतसर पडताळायला हवं होतं. अशा पहिल्यावहिल्या छोट्या अभ्यासांना रुग्णालय चालवणारी संस्था बीजनिधी देई. तो मिळाला तरच रविवारी मशीन हाती येणार होतं. ताईंनी अर्ज भरला आणि ‘मुख्य संशोधक’ या चौकटीत बेधडक स्वतःचं नाव घातलं.

विभागप्रमुख म्हणाले, “अहो ताई, तिथे आजवर डॉक्टरचंच नाव लागत आलंय. माझं घाला. शेवटी तुमचे आभार मानू की.”

“आभार तुम्हालाच राहू देत, सर.”

घरी नवऱ्यानेही समजावलं, “मिळतंय ते पदरात पाडून घे.” त्या दिवशी त्याला जेवताना कोणी आग्रह केला नाही.

निधी ठरवणाऱ्या समितीत पाच डॉक्टर बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, “बाई, नुसता शब्द बदलून स्कॅन सुधारतो? ही काय जादू आहे?”

ताईंनी अर्जाचा कागद त्यांच्याच हाती दिला. “हात लांब करून धरा. आणि हलू नका.”

सगळ्यांचे डोळे त्या कागदावर खिळले. कागदाचं टोक थरथरू लागलं. अध्यक्षांनी मूठ आवळली, तसं ते आणखीच थरथरलं.

“आता समोरच्या कपाटातली पुस्तकं मोठ्याने मोजा.”

अकराव्या पुस्तकापर्यंत कागद बराच स्थिरावला होता.

“निधी देऊ,” अध्यक्ष म्हणाले. “फक्त नाव डॉक्टरांचं घाला.”

“मग अर्ज परत द्या.” ताईंचा आवाज रागाने चढला होता आणि तो खाली आणायची त्यांना मुळीच गरज वाटली नाही. “माझ्या वडिलांना मी दोषी ठरवलं होतं, सरांनी नाही. ते निस्तरायचंही मलाच आहे.”

अध्यक्षांनी अर्ज टेबलावर ठेवला. मग त्यांनी पेन मागितलं आणि नावाच्या चौकटीला हात न लावता खाली सही केली.

पहिल्या रविवारी एक निवृत्त शिंपी आले. धूसर स्कॅनमुळे दोनदा परत पाठवलेले. संमतिपत्रावर त्यांची सही ओळ सोडून खाली घसरली.

“मोठे डॉक्टर कुठे आहेत?”

“आज मीच आहे.”

“आणि मी हललो तर?”

“तर ती चूक माझ्या नावावर लिहीन, काका,” ताई म्हणाल्या. “तुमच्या नाही.”