लाल स्वेटर

कलाबाईची नजर कापडात पक्की होती. गोंदियाला स्टेशनच्या बाजूला, भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या बाया त्यांचे ढीग विकायला मांडून बसायच्या. कलाबाई आधी कपडा उलटा करायची, काखेतली शिवण ओढून बघायची, मग उन्हात धरायची. "इसका काज फटा है, जमुनाबाई, कम करो," म्हणत हसत हसत भाव पाडायची. लोकांना पैसे टाकूनही मिळत नाहीत असे कपडे ती चहाच्या पैशात घरी आणायची. कामठ्याच्या अलीकडच्या तिच्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, निम्म्या घरांतली लेकरं तिनं निवडलेलेच कपडे घालत.

२००४च्या हिवाळ्यात शेजारच्या धुरपताबाईनं नातीसाठी, साक्षीसाठी, गरम काहीतरी मागितलं. कलाबाईला ढिगाच्या तळाशी एक लाल स्वेटर सापडला. हातानं विणलेला, कुठं धागाही निघालेला नाही. तो घालून साक्षी दिवसभर टोल्यावर मिरवली.

आठवडाही झाला नाही तोच साक्षी तापली. गोधड्या घातल्या तरी थरथरायची आणि बरळायची. धुरपताबाईचा दीर बकाराम झाडफूक करणाऱ्याला घेऊन आला. तो म्हणाला, स्वेटर मेलेल्या पोरीचा आहे आणि आणणारीनं जाणूनबुजून आणलाय.

दुसऱ्या दिवशी कलाबाई बोअरिंगवर पाणी भरायला गेली तर बाया बाजूला झाल्या. एकीनं आपली पाण्याची गुंडी तिच्या गुंडीपासून दूर सरकवली. कलाबाई अर्धी गुंडी भरून घरी आली. नवरा गुलाब राईस मिलवरून आला तेव्हा दाराला आतून कडी होती.

"दिवसा कडी काऊन लावली?"

तिनं सांगितलं. गुलाब खाली बसला. पलीकडच्या एका गावात अशाच बोलण्यावरून एका बाईचे केस कापून तिला गावभर फिरवलं होतं. ते दोघांनाही आठवलं.

"रंजिताले घेऊन माहेरी जाय," तो लेकीकडे बघत म्हणाला.

"गेली तं म्हनतील, पयाली."

दिवस कलताना बकाराम चौघांना घेऊन दारात आला. "चाल," एवढंच म्हणाला. गुलाब मधे आला तर त्याला दोघांनी धरलं. कलाबाई निघाली. नऊ वर्षांची रंजिता तिचा पदर सोडेना.

धुरपताबाईच्या अंगणात स्वेटर जमिनीवर टाकलेला होता आणि त्याच्याभोवती राखेचं रिंगण होतं. ओसरीवर साक्षी पडलेली, ओठ सुकलेले, डोळे पिवळे. बघणाऱ्यांत कलाबाईनं कपडे दिलेली कितीतरी माणसं होती. कुणी नजर दिली नाही.

"पोरीले हिवताप हाये," कलाबाई म्हणाली. "दवाखान्यात न्या तिले."

"सुटर चांगला हाये म्हनतेस नं?" बकाराम म्हणाला. "मंग तुह्या पोरीले घाल. आमच्या समोर."

कलाबाईच्या घरात सासऱ्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून भूत, करणी असले शब्दही चालत नसत. ती स्वतः बायांना हेच सांगत आली होती. पण आता तिचा हात खाली जाईना. समजा, खरंच असेल तर? हा विचार मनात आला आणि तिला त्या माणसांपेक्षा स्वतःचीच जास्त भीती वाटली.

रंजिता वाकली. राखेवर पाय देऊन तिनं स्वेटर उचलला आणि डोक्यातून घातला. बाह्या तिला आखूड होत होत्या. ती कुडकुडत आईला चिकटून उभी राहिली.

धुरपताबाईनं रंजिताकडे पाहिलं, साक्षीकडे पाहिलं. मग ती ओसरीवरून उठली. "बकाराम, जीप बोलाव."

"पन वहिनी..."

"पोरगी मरून राहिली माही. जीप बोलाव म्हनलं नं."

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. मलेरिया निघाला, डोक्यापर्यंत गेलेला. आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. साक्षी वाचली.

पण ती घरी येईपर्यंत कलाबाईनं रंजिताच्या कपाळावर किती वेळा हात ठेवला असेल, सांगता येत नाही. पोरीला शिंक आली तरी ती हातातलं काम टाकून धावायची. रंजिताला काहीच झालं नाही. कलाबाईची भीती मात्र गेली नाही.

टोल्यावर कुणी तिची माफी मागितली नाही. धुरपताबाई एकदा येऊन चुलीपाशी बसली, बराच वेळ रडली आणि उठून गेली. बकाराम आजही तिला पाहून रस्ता बदलतो.

कलाबाई अजून बाजारात जाते. कुणी म्हणालं, "माह्या लेकरासाठी बी आनजो," तर सांगते, "संगं चाल." बाया जातात तिच्यासोबत. ती बाजूला उभी राहून सांगते, काख पाहा, उन्हात धरा. पण दुसऱ्याच्या लेकरासाठी ती कपड्याला हात लावत नाही.