फायरच्या टाकीची मधली भिंत

सोसायटीच्या आवारात जमिनीतलं लोखंडी झाकण दिसलं की आजही मी वळसा घालून जातो. बायको हसते. "रिटायर झालात, आता तरी सरळ चाला," म्हणते. तिला काय सांगणार! अशाच एका झाकणाखालून एका माणसाला बाहेर काढताना मी तिथे उभा होतो.

घोडबंदर रोडवरच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एका टॉवरमधून फोन आला. तिथे जमिनीखाली काँक्रीटची पाण्याची टाकी होती. मधोमध एक भिंत. एका बाजूला पिण्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला आग विझवण्यासाठी राखलेलं. फायरची टाकी उपसून एक कामगार आत साफसफाई करत होता, तोच मधली भिंत पलीकडच्या पाण्यानिशी त्याच्या अंगावर आली. अग्निशमनच्या जवानांनी त्याला वर काढलं तेव्हा श्वास चालू होता, पण दोन्ही पाय चेचले होते.

पंचनामा झाला, निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन. "साहेब, टाकीच्या नकाशावर सही इंजिनिअरची आहे, पण डिझाइन केलंय त्याच्या पोरीने. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली तेव्हा. तिला धरा!" आणि फोन बंद.

इंजिनिअर वर्तकनगरचे. साठी उलटलेली, कडक इस्त्रीचा शर्ट. मी खुर्ची दाखवतोय तोवर ते उभ्या उभ्याच म्हणाले, "लिहून घ्या. चूक माझी. डिझाइन माझं, सही माझी."

"मुलीने काय केलं त्यात?"

"काही नाही. ती नुसतं टायपिंग करायची."

आमच्या खात्यात एक गोष्ट अनुभवाने कळते. दोषी माणूस आधी पाणी मागतो, मग वकील मागतो, मग म्हणतो की मी तिथे नव्हतोच. न विचारता कबूल होणारा बहुतेक वेळा कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मी जबाब घेतलाच नाही. हवालदार कुरकुरला, "आयती कबुली आहे साहेब, घ्या ना!" आयती होती म्हणूनच मला ती नको होती.

मुलीला बोलावलं. लॅपटॉप छातीशी धरून आली. डोळे सुजलेले, पण मान ताठ. "डिझाइन मीच केलंय सर. बाबांनी काहीही सांगू दे. कालपासून परत परत तपासतेय, चूक सापडत नाहीये. सापडली तर मीच येऊन सांगेन."

"मला कळेल असं सांगा. मी गणितात काठावर पास झालेला माणूस."

तिने पडद्यावर टाकी दाखवली. सगळ्या भिंती बारीक चौकोनांत विभागलेल्या. एका बाजूला पाणी भरलं, दुसरी बाजू रिकामी ठेवली. मधली भिंत वाकलेली दिसली. "ज्या बाजूला पाणी, त्या बाजूला भिंत तळाशी ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही, तिथे सळयाच लागतात. आता उलट करते." भिंत उलट्या बाजूला वाकली. "म्हणून मधल्या भिंतीत मी सळयांच्या दोन जाळ्या दिल्यात. दोन्ही अंगांना एकेक."

"पण दोन्ही टाक्या तर भरलेल्याच असतात ना?"

"साफ करताना कोणती आधी उपसतील, ते मी इथे बसून कसं सांगणार सर?"

तिच्या या प्रश्नाने मला कामाला लावलं. तडक सोसायटीत गेलो आणि वॉचमनला तेच विचारलं.

"दर वेळी पिण्याचीच उपसतात साहेब," तो म्हणाला. "फायरच्या पाण्याला हात लावायचा नाही, अशी कमिटीची ऑर्डर. ह्याच वेळी पहिल्यांदा उपसलेली. वास मारायला लागलेला ना!"

सरकारी तज्ज्ञांसमोर भिंतीचा उरलेला तळ फोडून पाहिला. फायरच्या बाजूला जाळी होती. पिण्याच्या बाजूला एकही सळई नव्हती. फायरची टाकी भरलेली असायची तोवर भिंत तगून राहिली. उलटी पाळी पहिल्यांदा आली, आणि नेमका तो कामगार आत होता.

साइटची देखरेख बिल्डरने कॉन्ट्रॅक्टरवरच सोपवली होती. कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने आधी उडवाउडवी केली. फोडलेल्या भिंतीचे फोटो समोर ठेवले तसा तो ढेपाळला. "दोन जाळ्या बघितल्या आणि म्हटलं, जास्तीचं लोखंड आहे, म्हणून एक गाळली. दोन्हीकडून पाणीच, भिंत पडणार कुठे? आईशपथ साहेब, कोणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं."

"आणि तो फोन?"

"मीच केलेला. घाबरलेलो."

"पोरीचं नाव घेताना नाही घाबरलास?" मी ओरडलोच. तो रडायला लागला. रागाच्या भरातही मला त्याची कीव आली, पण अटक टळणार नव्हती. पुढे कॉन्ट्रॅक्टरवरही कारवाई झाली. त्या कामगाराचा एक पाय वाचला, एक गेला. हे लिहितानाही जीव कळवळतो.

बापलेकीला बोलावून डिझाइन बरोबर असल्याचा अहवाल सांगितला. इंजिनिअर मटकन खुर्चीत बसले आणि हमसून रडले. मला वाटलं, आता मुलगी त्यांना जवळ घेईल. ती होती तिथेच उभी राहिली.

"बाबा, तू पोलिसांना सांगून मोकळा झालास की चूक झालीय. उलटी बाजू तपासलीस का, हे मला एकदा तरी विचारलंस?"

"भीती वाटली गं. तू नाही म्हणाली असतीस तर?"

"मी हो म्हणाले असते ना!"

आयुष्यभर मी परक्या माणसांना नाही नाही ते प्रश्न विचारले. पण जिथे जीव गुंतलेला असतो तिथे साधा प्रश्न विचारायलाही माणूस कचरतो, आणि समोरच्याला वाटतं की ह्याचा माझ्यावर विश्वासच नाही. हे मी त्या दिवशी शिकलो.

टाकीची नवी भिंत त्याच मुलीच्या नकाशावरून उभी राहिली. काँक्रीट ओतण्याआधी मीही बघायला गेलो होतो. मुलगी खाली उतरून एकेक सळई हाताने चाचपत होती. वडील झाकणापाशी उकिडवे बसून आत टॉर्च धरून होते.

"उलटी बाजू बघितलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"बघितली, बाबा," खालून आवाज आला. "तरी तूही एकदा उतरून बघ."