पडलेला प्लग

गाडी गॅरेजसमोर थांबली की अण्णा मिस्त्री बॉनेटकडे न जाता आधी मागे जायचे. सायलेन्सरपाशी उकिडवे बसून धुरासमोर तळहात धरायचे. इंजिन सुरात असेल तर हवा सलग लागते. एखादा सिलिंडर पेटत नसेल तर मधेच ठोका चुकतो. "एक झोपलंय की!" ते तिथूनच ओरडायचे. शिवाजी पेठेतल्या आमच्या गॅरेजात स्कॅनर आला, तरी हा क्रम बदलला नाही. "मशीन कुठला सिलिंडर ते सांगतंय. का, ते न्हाय सांगत," म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काम केलं. त्यांचा एक नियम होता. हातातून पडलेला स्पार्क प्लग गाडीत बसवायचा नाही, वरून कितीही चांगला दिसू दे. "आत तडा गेला असंल तर तुला काय दिसनार, लेका?"

तीन वर्षांपूर्वी आजऱ्याच्या एका मास्तरांच्या गाडीला आम्ही नवे प्लग घालत होतो. मी टोकांमधली गॅप तपासून एकेक द्यायचो, अण्णा बसवायचे. तिसरा माझ्या हातातून फरशीवर पडला. अण्णांची माझ्याकडे पाठ होती. मी तो पुसला आणि त्यांच्या हातात दिला. का? दुसरा आणायला दुकानापर्यंत जायचा कंटाळा. एवढंच.

चार दिवसांनी मास्तर परत आले. "मिस्त्री, चढाला गाडी नुसती हिसके मारतीया! घरातली मानसं उतरवून ढकलायची पाळी आली."

स्कॅनरने तिसरा सिलिंडर दाखवला. अण्णांनी तिसऱ्याची, प्लगला वीज पुरवणारी कॉइल पहिल्यावर घातली. दोष तिसऱ्यावरच राहिला. मग तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यावर घातला. दोष त्याच्यामागे दुसऱ्यावर गेला. "घावला," म्हणाले, आणि प्लग काढून उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ.

मी शेजारीच उभा होतो. अण्णा म्हणाले, "मास्तर, चूक माजी. आवळताना जोर जास्त झाला." नवा प्लग घातला, गाडी सुरात आली. जाताना मास्तर हसले, "वय झालं अण्णा, आता बसून खावा की!"

मास्तर चेष्टेत बोलले. अण्णांच्या ते जिव्हारी लागलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "हाताचा अंदाज गेला, सदा. लोकांच्या गाड्या बिघडवायच्या न्हाईत." आणि गडमुडशिंगीला घरी बसले. मी तोंड उघडलं नाही. गॅरेज माझ्याकडे आलं, हेही सांगायला हवं.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"तीन वरसं गप बसलास?"

"व्हय, अण्णा."

"चहाचा कप धरताना बी हाताकडं बगत हुतो मी, लेका." आणि ते उठून आत गेले. मीही उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर पोहोचलो, तर अण्णा दारात उभे. "शटर उचल. तोंड काय बगतोस?"

आता ते रोज येतात. हाताचा अंदाज होता तसाच आहे. पान्याचा शेवटचा पाव फेरा ते डोळे मिटून देतात. माझ्याशी हसतात, शिव्याही पूर्वीसारख्याच. फक्त प्लग बसवायची वेळ आली आणि मी एखादा पुढे केला, की म्हणतात, "ठेव तिथं." आणि खोक्यातून आपल्या हाताने दुसरा काढून घेतात.