दवाखान्यावरची पाटी

शिमग्याला मी पुण्याहून घरी आलो तेव्हा आई भर उन्हात गोधडी पांघरून बसली होती. तिचा हिवताप परतला होता. पोलादपूरच्या धर्मार्थ दवाखान्यातल्या कोयनेलच्या कडू गोळ्यांवर ती आजवर तगली होती, आणि तिथले कोयनेल आता संपत आले होते.

हा दवाखाना पूर्वी आसपासच्या गावांच्या तांदळावर चाले. शिमग्यात पालखी घरोघर फिरायची, तेव्हा देवाच्या सुपामागून दवाखान्याची टोपली फिरे. मग महाडच्या एका शेठजींनी सगळा खर्च उचलला, दारावर त्यांच्या नावाची पाटी लागली आणि टोपल्या बंद झाल्या. बंद करा असे कोणी म्हटले नव्हते. शेठजींच्या दवाखान्यात आपण मूठभर तांदूळ काय घालायचे, असे लोकांना वाटले. पुढे मंदीत शेठजींचा व्यापार बसला. पैसे थांबले, पाटी राहिली. टोपली पुन्हा फिरली नाही तर शिमग्यानंतर कुलूप लावावे लागेल, असे डॉक्टरांनी मला सांगितले. आमच्या गावाशी बोलायचे काम माझ्यावर आले, कारण गावातून कॉलेजात गेलेला मी एकटाच होतो.

सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या ओट्यापाशी, गावकी भरली. मी पाठ केलेली वाक्ये म्हणून दाखवली. वडील सारा वेळ खाली बघत होते. शेजारचे काका म्हणाले, "शिकलास ना रे तू? मग दवाखान्यावर काय लिवलंय ते वाच की."

मी शेठजींचे नाव सांगितले. लोक हसले.

"मग त्याच्याकडं जा. त्याचं घर आम्ही कशाला शाकारायचं?"

शेवटी पाटलांनी निकाल दिला. पाटी उतरली तर टोपली फिरेल, पण उद्या पालखी उठायच्या आत. एकदा पालखी उठली की मध्येच नवी टोपली लावायची रीत नव्हती.

उजाडताच मी पोलादपूर गाठले. पाटलांचा निकाल डॉक्टरांना सांगितला. शेठजी सावरले की पुन्हा देतील, ही आशा त्यांनी सोडली नव्हती.

"पाटी काढली की शेठजी कायमचे गेले. आणि तांदूळ आलेच नाहीत तर?"

पाटलांनी गावासमोर शब्द दिला आहे, एवढे मी सांगितले. ऊन चढत होते. डॉक्टर आत गेले, स्टूल घेऊन आले आणि ते धरून उभे राहिले. मी वर चढलो.

पाटी खांद्यावर घेऊन धापा टाकत गावात शिरलो, तेव्हा पालखीला खांदे लागत होते. पाटलांनी पाटीकडे एकदा पाहिले आणि टोपली मागवली. सर्वांत आधी पालखी आमच्याच दारात आली. आईने देवाच्या सुपात तांदूळ घातले, मग टोपलीत. थोडे अंगणात सांडले.

पुढचे घर काकांचे. त्यांनी देवाचे घातले आणि ते थांबले. ढोलही थांबला.

"आता कोणाचं नाव लिवणार? तुझं?"

"कोणाचंच नाय," मी म्हणालो.

काकांनी पाटी माझ्याकडून घेतली, अक्षरे आत करून भिंतीला टेकवली आणि ते घरात गेले. सगळे त्या दाराकडे बघत राहिलो. जरा वेळाने ते तांदळाचे दुसरे सूप भरून टोपलीपाशी आले.