खडकातल्या फुलाला पाणी

डब्लिन विमानतळावर आईची व्हीलचेअर ढकलणारा माणूस मला म्हणाला, "शी विल बी ग्रँड." इथे सगळंच ग्रँड, म्हणजे ठीकठाक असतं, पाऊससुद्धा. आईने वळून हात केला आणि चक्क हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

नागपूरच्या नातेवाइकांनो, पोरीने आईला परत धाडलं म्हणून तुम्ही लगेच कुजबुजलात. आणि इथल्या, ब्लँचर्डस्टाउनच्या मैत्रिणींनो, तुम्ही म्हणालात, "अगं, इतकं केलंस, तरी राहिली नाही?" तुम्हा दोघांनाही माझा कोपरापासून नमस्कार.

बाबा गेले आणि फेब्रुवारीत मी तिला इथे आणलं. ती एकदा हो म्हणाली की कायमचं ठेवून घ्यायला वकिलाकडे जायचं, एवढंच बाकी होतं.

आमच्या तुळशीने डिसेंबरातच मान टाकलेली. आंघोळीनंतर पाणी घालायला आईला काहीतरी हवं. मागच्या अंगणात एकच जिवंत कुंडी होती, नवऱ्याने सुपरमार्केटातून आणलेल्या आयरिसच्या कंदांची. वीतभर उंचीचं जांभळं फूल, पण मिजास केवढी! चिठ्ठीवर लिहिलं होतं: मूळचं रानटी, कोरड्या डोंगरउतारावर खडकांच्या फटीत वाढतं, फूल गेल्यावर पाणी नको. आई रोज तांब्याभर ओतायची आणि हात जोडायची. जावईबापू सासूबाईंना सांगणार कसे? "राहू दे, ग्रँड आहे," म्हणाले. शूर माणूस!

एप्रिलात पानं पिवळी पडली, तशी आई दोन तांबे घालू लागली. मे महिन्यात तिनेच उकरून पाहिलं, तर कंदांचा नुसता लगदा.

आमचं तरी काय वेगळं चाललं होतं? इंडक्शन समजणार नाही म्हणून तिला चहा करू द्यायचा नाही. एकटीने कोपऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. दर रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या बायका बटाटेवडे घेऊन तिला रमवायला हजर. ती जरा उठली की माझी लेक आयरिश हेल काढून म्हणायची, "आजी, सिट डाउन!" प्रेम म्हणे. डोंबलाचं प्रेम!

मी चिठ्ठी वाचून दाखवली. आई लगद्याकडे बघत म्हणाली, "लय पाजलं वं मी त्याले." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही बी मले लय पाजून राहिले. मी जातो." मला आधी राग आला, मग रडू आलं.

आता ती नागपूरच्या उन्हात स्वतः कूलर भरते, भाजीवाल्याशी भांडते. फोनवर आवाज खणखणीत. इथे तीन महिने तो आवाज मला ऐकू आला नव्हता. मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कुणीतरी घर, माती, मुळं यांवर गळा काढतं. काढा! मला एवढंच कळलंय की जिथे आईला भांडता येतं ते तिचं घर.

मी सेलमधली दुसरी कुंडी आणलीय. पानं सुकलीत, शेडमध्ये कोरडी ठेवलीय. मैत्रिणी ती बघून नाकं मुरडतात. परवा आईने फोनवर विचारलं, "पाणी नाई ना घालून राहिली त्याले?"

"नाही."

"अन् मले बी बोलावून नाई राहिली ना?"

"नाही गं."

"मंग फुलाच्या टायमाले येतो. चहा मी करीन."