सरळ केलेल्या ओळी

मानपाड्याची उत्तरा आधी लग्नपत्रिकांचा मजकूर मांडायची. पत्रिकेचं काम कसं, सगळं मधोमध, कडा सुतासारख्या सरळ. एखादं नाव केसभर सरकलं तरी तिला चैन पडायचं नाही. पुढे ती माजिवड्याला आनंदसरांच्या ऑफिसात लागली, गणिताची पुस्तकं छपाईसाठी मांडायला. तात्पुरतीच ठेवलेली हो. हे एक पुस्तक वेळेत प्रेसला गेलं की कायम करतो, असं सर म्हणालेले.

पुस्तक कल्याणच्या आसावरीबाईंचं, कॉलेजात शिकवतात त्या, तिथल्याच पोरांसाठी लिहिलेलं. त्यातली प्रमेयं नि सिद्धता कॉम्प्युटरनं तपासलेल्या. म्हणजे बाई एकेक पायरी लिहिणार, आणि ती मागच्या पायरीवर नीट उभी आहे का ते मशीन बघणार. नसली तर तिथंच लाल. त्याला कुणाची भीडभाड नाही.

आता त्या लिखाणात काही ओळी आत सरकवलेल्या, काही त्याहून आत. उत्तराला वाटलं, बाईंनी घाईत टाइप केलंय. तिनं अख्ख्या पुस्तकाच्या ओळी डावीकडे ओढून एका रेषेत आणल्या. पानं कशी, इस्त्री केल्यासारखी!

प्रेसला जायच्या दिवशी सकाळीच बाईंचा फोन. "अगं उत्तरा, तुझं एक पान मी परत मशीनला खाऊ घातलं. सगळं लाल झालं गं! आत सरकवलेली ओळ म्हणजे वरच्या ओळीच्या पोटातली. 'समजा असं धरलं' म्हणून लिहिलेलं त्या समजापुरतंच खरं. तू ते बाहेर काढलंस, आता ते कधीही खरं असल्यासारखं दिसतंय."

"बाई, मला वाटलं..."

"असू दे. तेवढं पान नीट कर आणि पाठव."

तेवढं पान! उत्तरा तशीच उठून सरांकडे गेली. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाईंनी एकच म्हटलंय ना? मग एकच करा. वाचतंय कोण ते? प्रेसवाला मशीन लावून बसलाय."

"सर, सगळंच मी सरळ केलंय."

"कमाल आहे! लोक वाकडं करून घोळ घालतात, तुम्ही सरळ करून घातलात."

तिनं अंदाजानं ओळी आत ढकलून बघितल्या. पण कुठली कुणाच्या पोटातली, तिला कसं कळणार? जेवणाचा डबा तसाच राहिला. मग तिनंच बाईंना फोन लावला.

"बाई, एक पान नाही, सगळंच पुस्तक. तुमची मूळ फाइल पुन्हा घेते, ओळींना हात न लावता. आज नाही जायचं ते."

मग बाई म्हणाल्या, "घे. पण कॉलेजात मला उशिराचं कारण सांगावं लागेल."

"माझं नाव सांगा."

प्रेसची पाळी दुसऱ्याला गेली. पुस्तक गणपतीनंतर निघालं, आतल्या ओळी आत, बाहेरच्या बाहेर. कायम करायचं काय झालं ते विचारायला उत्तरा सरांच्या टेबलापाशी गेली. सर म्हणाले, "पुढचं पुस्तक वेळेत द्या, मग बघू."

ती बरं म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.