लालबागचे डोळे

मी बोटीवर इंजिनात होतो. मेक्सिकोच्या बंदराला बोट लागली की बाकीचे बिअर शोधत जायचे आणि मी बाजार. कागदाच्या लगद्याची चित्रविचित्र जनावरं, मातीचे हसरे सांगाडे, पत्र्याची रंगीत हृदयं. अशा एकेचाळीस वस्तू झाल्या. जमवल्या मी, पुसल्या बायकोने. आता तिचा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून दोन वर्षं मीच पुसतोय आणि खरं सांगायचं तर वैतागलोय. परळमध्ये आमच्या खिडकीसमोर टॉवरचं बांधकाम चाललंय. सकाळी पुसावं, संध्याकाळी पुन्हा सिमेंट.

मुलीला यातलं काहीच नको. शेवटी एका संग्रहालयाच्या बाई सगळं न्यायला तयार झाल्या. मी पाठवलेल्या फोटोंत त्यांचा जीव जडला तो एका जनावरावर. बिबट्याचं तोंड, वटवाघळाचे पंख, एक डोळा आभाळाकडे आणि दुसरा जमिनीकडे. त्या यायच्या पंधरा दिवस आधी स्टुलावर चढून ते उतरवताना माझ्या हातून सटकलं आणि मान तुटली.

लालबागला कागदाचे गणपती करणारे एक मूर्तिकार ओळखीचे होते. त्यांना म्हटलं, फक्त मान जोडा. आठ दिवसांनी गेलो तर जोड कुठे आहे ते मलाही सापडेना. पण जनावर माझ्याकडे सरळ बघत होतं. दोन्ही डोळे नवे, शांत, पाणीदार. अगदी गणपतीचे.

"हे काय केलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काका, तिरळा होता तो," मूर्तिकार म्हणाले. "डोळ्यांची आखणी नीट केल्याशिवाय हातातून मूर्ती सोडवत नाय आपल्याला."

इतक्या मायेने केलेल्या कामाबद्दल माणसाला शिव्याही घालता येत नाहीत. पिशवीत घालून घरी आणलं.

बाई आल्या, बराच वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. "हे आता मेक्सिकोचं राहिलं नाही," म्हणाल्या. बाकीच्या चाळीस वस्तू कागदात गुंडाळून नेल्या. भिंतीवर नुसते खिळे उरले. सुटल्यासारखं वाटेल म्हणून मी वाट बघत बसलो, पण नुसता थकवा वाटला.

"हेही देऊन टाकतो कुणाला तरी," मी म्हटलं.

"राहू द्या," बायको म्हणाली. तिने ते उचलून टीव्हीशेजारी ठेवलं. "तीस वर्षं पुसली तुमची ती भुतं. भीती वाटायची मला, दुपारची एकटी असले की. हे तरी माणसासारखं बघतंय."

भीती वाटते हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. बोटीवरून येऊन प्रत्येक वेळी मी तिला त्या कारागिरांच्या गोष्टी सांगायचो, आणि ती फडकं हातात घेऊन ऐकायची. मला फार लाज वाटली. एकेचाळीस वेळा बाजारात उभा राहून वस्तू निवडल्या, पण यातलं तिला काय आवडेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.